दोन रिंगा

आजीचा फोन उचलायचा नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. दोन रिंगा वाजून फोन बंद झाला की समजायचं, आजी जेवली, गोठ्यातलं बघून झालं, दाराला अडसर लावला, आता ती आडवी होणार. वेळ रात्री नऊच्या आगेमागे. चुकून कुणी उचललाच तर ती वैतागायची. "उचललास कशाला गो? गेले ना पैसे!" एवढं बोलून ठेवून द्यायची. तिसरी रिंग वाजली तर मात्र हातातलं टाकून उचलायचा, कारण तिसरी रिंग म्हणजे काहीतरी काम निघालं. हा नियम कुणी बसून ठरवलेला नव्हता. आत्या विक्रोळीच्या चाळीत, आजी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत आणि मध्ये मिनिटाला पैसे मोजणारी कंपनी. या तिढ्यातून तो आपसूक तयार झाला होता. मी बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला आले, तेव्हा आजीच्या रिंगांच्या यादीत माझी भर पडली. आजीच्या बटणांच्या फोनवर दोनचा आकडा दाबून धरला की आत्याला लागायचा. बाबांनी तीनच्या आकड्यावर मला बसवलं.

फोनची जागाही ठरलेली. आमच्या घरात रेंज येते ती पडवीच्या एका कोपऱ्यात. तिथल्या खांबाला खिळा मारून आजीने जुन्या लुगड्याची पिशवी अडकवली होती, फोनचा मुक्काम त्या पिशवीत. रात्री ती फोन काढायची, डोळ्यांजवळ धरून आकडा शोधायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि कानाला न लावता समोर धरून बघत राहायची. दोन झाल्या की लाल बटण. लाइट गेली की त्याच फोनचा टॉर्च लावून ती न्हाणीपर्यंत जायची. खरं सांगायचं तर आयुष्यात तिने फोन बोलण्यापेक्षा टॉर्चसाठीच जास्त वापरला.

दुसऱ्या वर्षाला टेलिकॉमच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन उभ्या रेषा काढल्या. एक फोन करणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची. मधून बाणांची ये-जा. नंबर फिरवला, हा निरोप इकडून तिकडे. तिकडे फोन वाजतोय, हा तिकडून इकडे. उचलला, हा तिसरा. बिलाची सुरुवात या तिसऱ्या बाणापासून. पहिल्या दोघांना कुणी पैसे लावत नाही; त्यांचा रस्ताही बोलण्याच्या रस्त्याहून वेगळा, सिग्नलिंगचा. सगळ्यांनी आकृती वहीत उतरवून घेतली. मला हसू आलं. आमची आजी इतकी वर्षं पहिल्या दोन बाणांतच संसार करत होती.

पण कमीत कमी जागेत निरोप बसवायची विद्या ती मोबाइलवर शिकली नव्हती. तिचं लग्न झालं तेव्हा आजोबा गिरणीत होते, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. कोकणातल्या घरोघरच्या चुली तेव्हा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटायच्या. टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. आमच्या वाडीचा तिच्याशी संबंध आला तो गिरण्यांमुळे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, पैसे पाठवणाऱ्याने दोन शब्द लिहावेत म्हणून. पैसे घेणाऱ्याला ती पट्टी फाडून मिळायची. आजीच्या ट्रंकेत अशा पट्ट्या अजून आहेत. एकीवर आजोबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: "पावसाआधी कौले चाळून घेणे. गाय व्याली का ते कळव. मी खुशाल." बस, एवढंच. बायकोला लिहायच्या मजकुरात कौलं आधी आणि माणूस शेवटी, कारण पट्टी पोस्टमन मोठ्याने वाचणार आणि पडवीत सासरे, दीर, शेजारीपाजारी असणार.

त्या व्यवहाराचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. पैसे मिळाले की पोचेवर सही किंवा अंगठा घ्यायचे आणि ती पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची. आजीला सही येत नव्हती. म्हणजे दर महिन्याला तिचा अंगठा दापोलीहून लालबागला जायचा. आजोबांनी त्या पोचा जपून ठेवल्या होत्या आणि गिरणी सुटल्यावर बाडबिस्तऱ्याबरोबर गावी आणल्या होत्या, म्हणून मला त्या बघायला मिळाल्या. जांभळ्या शाईचे अंगठे. काही ठसठशीत, काही घाईत फराटलेले, एकाच्या कडेला शेण की माती लागलेली. एका वर्षी दोन महिने अंगठा दुसऱ्याचा आहे, सासऱ्यांचा. आजीला विचारलं तर म्हणाली, "तेव्हा तुझा बाप झाला." आजोबांना मुलाची बातमी पत्राने पुढे कळली असेलच, पण आधी त्यांनी तो परका अंगठा पाहिला असणार आणि लालबागच्या खोलीत बसून काय काय तर्क केले असतील, देव जाणे.

त्या काळात निरोप भराभर पोचत नव्हते आणि जो भराभर पोचायचा त्याची धास्ती होती. तारेला शब्दामागे पैसे, म्हणून तार करायची ती गळ्याशी आल्यावरच. तारवाला वाडीच्या पाखाडीवर दिसला की बायका घराबाहेर यायच्या. तो कुणाच्या बेड्यातून आत वळतो ते बघायच्या आणि तो वळला की त्या घरात रडं सुरू व्हायचं. कागद अजून फोडलेलाही नसायचा. वाचणारा वाचून सांगायचा, "सीरियस आहे, लगेच निघा", आणि सीरियसचा अर्थ सगळ्यांना माहीत असायचा. कधी बढतीची, कधी परीक्षेच्या निकालाचीही तार यायची म्हणे; शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तर क्रमांकच दिलेले होते. पण आमच्या वाडीपर्यंत तो क्रमांक कधी पोचला नाही. आजीची आई गेल्याची तार आली ती दुसऱ्या दिवशी. माहेर नदीपलीकडे, पाऊस लागलेला, होडी बंद. आजी पोचली तेव्हा राख थंड झाली होती. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली, टीव्हीवर हळहळ चालली होती. आजी म्हणाली, "गेली ती बरी झाली."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेकांचा तो संप कधी संपलाच नाही. आजोबा गावी आले, मनीऑर्डरी थांबल्या. पुढे आत्या लग्न होऊन विक्रोळीला गेली आणि आजीची ताटातूट पुन्हा सुरू झाली, या वेळी लेकीशी. वाडीत फोन एकच, दुकानात. आत्या नाक्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावायची, "आयेला बोलवा, दहा मिनिटांनी परत करते" म्हणून ठेवायची. दुकानदाराचा पोरगा पाखाडी चढून यायचा. आजी हातातलं टाकून उतरायची, दुकानाच्या फळीवर बसायची. तिकडे काचेच्या केबिनमध्ये मीटरचे लाल आकडे पळायचे, आत्याची नजर त्यांच्यावर. इकडे दुकानात गिऱ्हाइकं, त्यांचे कान आजीवर. सासूचा जाच असेल तरी "बरी आहेस ना?" आणि "हो, बरी आहे" एवढंच बोलणं व्हायचं. आत्या आता सांगते, "आये फक्त माझा आवाज ऐकायची. शब्द कोण ऐकतोय?"

मग मोबाइल आले. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. येणारे फोन मोफत झाले २००३ मध्ये. तिथून गरिबाच्या हातात मोबाइल टिकायला लागला आणि तिथूनच मिस्ड कॉलची चलती झाली. एसएमएस होता, पण तो आजीच्या कामाचा नव्हता. आणि मराठीच्या तर अजिबात नव्हता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीची १६० अक्षरं त्यात बसतात, देवनागरीची ७०. जोडाक्षर आलं की आणखी चणचण. मग सगळा महाराष्ट्र रोमन लिपीत "जेवलास का" विचारायला लागला. मिस्ड कॉलला लिपीची अडचण नव्हती. रिक्षावाला दाराशी आला की एक, दूधवाल्याला आज दूध नको तर दोन, पोरगी होस्टेलवर पोचली की एक. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉलने पाठिंबा दिला. बेंगळुरूच्या झिपडायल नावाच्या कंपनीने मिस्ड कॉलवर जाहिरातींचा धंदा उभारला आणि २०१५ मध्ये ती थेट ट्विटरने विकत घेतली. न बोलण्याचेही पैसे करता येतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

२०१६ नंतर बोलणं जवळजवळ फुकट झालं. बाबांनी आजीला समजावलं, आता कितीही बोल, महिन्याचे पैसे भरलेत. आजीने ऐकून घेतलं आणि रात्री नऊला दोन रिंगा देऊन लाल बटण दाबलं. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नुसतं सिम चालू ठेवायलाही दरमहा निदान ३५ रुपये मागायला सुरुवात केली, तेव्हा ती खरोखर भडकली. "मी बोलतच नाय तर पैसे कसले?" तिचा प्रश्न बिनतोड होता. पुढच्याच वर्षी मिस्ड कॉलवरून कंपन्यांमध्येही जुंपली. ज्या कंपनीचा फोन जातो तिने, ज्या कंपनीकडे तो जातो तिला मिनिटाला सहा पैसे द्यायचे असा तेव्हा नियम होता. रिंग कमी वेळ वाजवली की फोन निसटतो, समोरचा उलट फोन करतो आणि सहा पैशांची दिशा फिरते. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवून दिलं की मोबाइल ३० सेकंद वाजलाच पाहिजे. दिल्लीत एवढा खल चालला होता आणि आमच्या पडवीत आजीला त्यातल्या दोन रिंगाच पुरत होत्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड भागाची दैना झाली. आमची पोफळीची बाग आडवी, अर्ध्या घरावरची कौलं गेली, विजेचे खांब वाकले, टॉवर मुके झाले. विक्रोळीत आत्या टाळेबंदीत अडकलेली, टीव्हीवर उडालेले पत्रे बघत बसलेली, आणि रात्री नऊला फोन वाजत नव्हता. इकडे आजीला घरापेक्षा त्याचीच चिंता. कुणीतरी सांगत आलं की वरच्या सड्यावर एका कातळावर थोडी रेंज येते. आजी हट्टाने बाबांबरोबर सडा चढली, मीही गेले. वर दहा-बाराजण हात उंचावून रेंज शोधत फिरत होते. आजीच्या फोनवर एक कांडी आली. तिने दोनचा आकडा दाबून धरला. एक झाली. दुसरी झाली. तिने लाल बटण दाबलं.

बाबा ओरडलेच. "आये, बोल ना तिच्याशी!"

"कळला तिला," आजी म्हणाली. "आता बोलायचा काय?"

आत्याला खरोखरच कळलं होतं. तिने उलट फोन केला नाही. नंतर तिने सांगितलं, रिंग बंद झाल्यावर ती मोरीत जाऊन मनसोक्त रडली आणि मग चहा टाकला.

पुण्याला आल्यावर मला या गोष्टीची किंमत कळली असं मी म्हणणार नाही. इथे दिवसभर फोन हातातच असतो, त्यात एक मिस्ड कॉल येऊन जायचा, झालं. पण हळूहळू एक फरक जाणवायला लागला. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची आई रात्री तिचं लास्ट सीन बघून झोपते. मुलगी दीडला जागी होती हे आईला कळतं, आई बघते हे मुलीला कळतं, आणि दोघींची धुसफूस सुरू होते. निळ्या खुणा आल्यापासून वाचलं की नाही हेही सहसा लपत नाही. आपण आहोत ही बातमी आता यंत्रच देत असतं, अखंड, सगळ्यांना, आपल्या नकळत आणि कधी मनाविरुद्धही. आजीची दोन रिंगांची बातमी ती स्वतः द्यायची. त्यासाठी पडवीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. ती बातमी एकाच माणसासाठी असायची आणि बदल्यात काही मागायची नाही, अगदी फोन उचलणंसुद्धा नाही. आम्ही एकमेकांना दिवसभर एवढं पाठवतो, पण जे काही पाठवतो ते उत्तराची वाट बघत ताटकळत असतं. उत्तर आलं नाही की राग येतो.

श्रावणातल्या एका रात्री नऊच्या सुमारास स्क्रीनवर "आजी" असं नाव आलं. माझं असाइनमेंट चाललं होतं, मी मान वर केली नाही. एक रिंग. दोन. आणि मग तिसरी. तिसरीला पेन थांबलं. चौथी झाली, पाचवी झाली. फोन उचलायच्या आधी मला कळलं होतं. तारवाला पाखाडीवर दिसल्यावर बायकांना कळायचं, तेच. फोनवर बाबा होते. लाइट गेलेली, त्यांच्या कंपनीचा टॉवर बंद, म्हणून त्यांनी पिशवीतून आजीचा फोन काढला होता आणि तीनचा आकडा दाबून धरला होता. संध्याकाळी दिवा लावून ती जरा टेकली ती उठलीच नाही.

बाबांनी तो नंबर वर्षश्राद्धापर्यंत रिचार्ज करत ठेवला. कशाला, असं आईने एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं नाही. नंतर रिचार्ज थांबला. बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला द्यायचा नाही आणि मग तो नव्या गिऱ्हाइकाला देता येतो, हे मी परीक्षेसाठी नव्हे तरी वाचून ठेवलं होतं. आजीच्या बटणांच्या फोनवर कधी व्हॉट्सअॅप नव्हतं. एके दिवशी माझ्या व्हॉट्सअॅपच्या यादीत "आजी" प्रकट झाली. फोटोत गॉगल लावून बुलेटवर बसलेला एक तरुण होता. मी खूप हसले आणि मग नाव काढून टाकलं. बाबांच्या फोनमध्ये ते अजून आहे.

जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. आजीच्या दोन रिंगा गरिबीतून आल्या होत्या. बूथच्या काचेमागे आत्याला जे बोलता आलं नाही, ते बोलता आलं असतं तर तिची काही वर्षं बरी गेली असती. आज तिची सून माहेरी व्हिडिओ कॉल लावून तासभर सासूचीच गाऱ्हाणी सांगते, आणि आत्या मला हसत म्हणते, "सांगू दे गो, मला कुठे मिळालं सांगायला?" आईच्या वेळी आजीला होडी चुकली तशी मला एसटी चुकली नाही, पहाटेपर्यंत मी घरी पोचले होते, आजीचं तोंड बघितलं.

पण आमच्या टेलिकॉमच्या पुस्तकात एक गोष्ट आहे. मोबाइल गप्प पडलेला असतो तेव्हाही ठरावीक काळाने तो टॉवरला कळवत राहतो की मी इथे आहे. त्याला लोकेशन अपडेट म्हणतात. त्यात बोलणं नसतं, त्याचं बिल नसतं, वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तो निरोप यायचा थांबला की नेटवर्क त्या फोनला यादीतून बाजूला काढतं, आणि मग कुणी कितीही नंबर फिरवला तरी तिथे रिंग जात नाही. पुढची सगळी बोलणी त्या फुकटच्या निरोपावर उभी असतात. आमच्या घरात ते खातं आजीकडे होतं, आणि ती कुणाला शिकवून गेली नाही.

तेरावं झाल्यावर आत्या विक्रोळीला निघाली. एसटीत चढताना ती आईला म्हणाली, "वहिनी, आता मी घरी फोन केला तर बोलायलाच लागेल गं." आम्हाला त्याही दिवशी हसू फुटलं. आता ती आठवड्यातून एकदा फोन करते. आई उचलते. यंदा आंबा कितपत धरलाय, कौलांच्या जागी पत्रे घालायचे का, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, असं चांगलं अर्धा तास चालतं. फोन ठेवल्यावर आईच्या लक्षात येतं की आत्या बरी आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. मग ती म्हणते, जाऊ दे, पुढच्या वेळी विचारीन.